अतिस्वस्त विमान कंपन्या यापुढे तगतील का?

खिडकीची_सीट (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या स्पिरिट एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, मार्च २०२५ मध्ये त्यातून बाहेर पडली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा अर्ज घेऊन कोर्टात गेली. त्याच सुमारास कॅनडातली लिंक्स एअर (फेब्रुवारी २०२४) आणि ऑस्ट्रेलियातली बॉन्झा (एप्रिल २०२४) बंद पडली. सिंगापूरची जेटस्टार एशिया जुलै २०२५ अखेर थांबली, सप्टेंबरमध्ये आइसलँडची प्ले थांबली. हंगेरीच्या विझ एअरने अबू धाबीतला तळ गुंडाळला. ही नावं ओळीने वाचली की वाटतं, या धंद्याचे दिवस भरले.

आता दुसरी बाजू बघा. मार्च २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात आयर्लंडच्या रायनएअरने २० कोटींहून अधिक प्रवासी नेले आणि १६१ कोटी युरो निव्वळ नफा कमावला. तिकिटं स्वस्त, बॅगेला वेगळे पैसे, सीट निवडायला वेगळे पैसे, सगळं तेच. मग एकीला कोर्टाची पायरी आणि दुसरीला नफा, असं का?

तिकीट स्वस्त ठेवणं काही महिने कुणालाही जमतं. स्वतःचा खर्च इतरांपेक्षा बराच खाली ठेवणं, तेही वर्षानुवर्षं, हे फार थोड्यांना जमलं आहे. या धंद्यात एकच आकडा खरा: एक सीट एक मैल किंवा किलोमीटर न्यायला किती खर्च येतो. मोठ्या कंपनीचा आणि तुमचा हा आकडा यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच तुमचं आयुष्य. हे अंतर मोठं असेल तर तुम्ही तिच्यापेक्षा खूपच कमी भाडं लावूनही पैसे कमावता. ते आटलं की तुमच्याकडे उरतं फक्त कमी भाडं.

आणि ते आटलं आहे. कोविडच्या साथीनंतर वैमानिकांचा तुटवडा झाला आणि पगार उसळले. अमेरिकेतल्या बड्या डेल्टाच्या वैमानिकांना २०२३ च्या करारात चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ मिळाली. युनायटेड आणि अमेरिकन या दोन बड्या कंपन्यांना मागोमाग जावं लागलं. मग लहान कंपन्यांनी शिकवून तयार केलेले वैमानिक तिकडे जाऊ लागले, त्यांना थांबवायचं तर यांनाही पगार वाढवणं आलं. मोठ्या कंपनीला ही वाढ महागड्या सीटवर टाकता येते. जिची सगळी कमाईच सर्वात काटकसरी प्रवाशाकडून येते, तिने ती टाकायची कुणावर?

स्पिरिटला २०२० च्या सुरुवातीपासून पहिल्या दिवाळखोरीपर्यंत २५० कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला होता. एवढं भगदाड बॅगेच्या पैशांनी बुजत नाही.

मला या विषयाची आस्था आहे, कारण या कंपन्यांमुळे विमान हे पैसेवाल्यांचं वाहन राहिलं नाही. दूर कामाला गेलेला माणूस वर्षातून दोनदा घरी जाऊ शकला तो यांच्यामुळे. म्हणून नुसतं 'मॉडेल संपलं' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. कोणत्या प्रकारचं मॉडेल संपलं आणि कोणतं टिकेल, यावर बोलूया.

---

जमाखर्च

धागा वेळेवर काढलात. खर्चाच्या मुद्द्याशी सहमत, पण माझ्या मते तो निम्माच आहे. दुसरा निम्मा भाग: मोठ्या कंपन्या शहाण्या झाल्या.

डेल्टाने २०१२ मध्ये काही मोजक्या मार्गांवर 'बेसिक इकॉनॉमी' आणली. हे मार्ग तिने स्पिरिटशी सामना होता तिथलेच निवडले. २०१७ मध्ये युनायटेड आणि अमेरिकननेही तेच केलं. याचा अर्थ काय ते नीट बघा. एकाच विमानात पुढे ऐसपैस सीट, मधे थोडी जास्त पायजागा आणि शेवटच्या काही रांगांत स्पिरिटच्या भावाचं तिकीट. ग्राहकासमोर दोन पर्याय सारख्या किमतीचे. एकीकडे दिवसाला पाच उड्डाणं आणि एक रद्द झालं तर दुसऱ्यात जागा. दुसरीकडे दिवसाला एकच विमान, ते चुकलं की थेट उद्या. माणूस कोणतं घेईल?

मोठ्या कंपनीला त्या शेवटच्या रांगांतून नफा व्हायलाच हवा असंही नाही. अमेरिकन एक्स्प्रेसच्या कार्डांच्या व्यवहारातून डेल्टाला २०२४ साली ७४० कोटी डॉलर मिळाले. हे पैसे विमान उडवून आलेले नाहीत, लोक किराणा आणि पेट्रोल कार्डावर घेतात त्यातून आलेले आहेत. असा झरा ज्याच्या घरात आहे त्याच्याशी भाड्याची लढाई लढायला तुम्ही फक्त बॅगेची फी घेऊन उतरता.

हे पहिल्यांदा घडत नाहीये. पीपल एक्स्प्रेस १९८१ मध्ये नेवार्कहून सुरू झाली. तिकिटाचे पैसे विमानातच गोळा करायची, चेक-इन बॅगेला आणि खाण्याला वेगळे पैसे घ्यायची. तुफान चालली. मग १९८५ च्या जानेवारीत रॉबर्ट क्रँडॉल यांच्या अमेरिकन एअरलाइन्सने संगणकाच्या जोरावर एक गोष्ट केली: ज्या सीट रिकाम्याच जाणार असा अंदाज होता, तेवढ्याच पीपल एक्स्प्रेसच्या भावात विकल्या, आणि तेही आगाऊ तिकीट काढणाऱ्यांना. ऐनवेळी निघणाऱ्या कामकाजी प्रवाशाकडून पूर्ण भाडं घेणं चालूच ठेवलं. पीपल एक्स्प्रेसकडे असा संगणकच नव्हता. ती विकली गेली आणि १९८७ मध्ये नावासकट संपली.

बेसिक इकॉनॉमी हा त्याच खेळाचा पुढचा डाव आहे. म्हणून 'पगार वाढले, इंजिनं बिघडली' ही नेहमी सांगितली जाणारी कारणं मला तात्कालिक वाटतात. ती नसती तरी अमेरिकेत हे झालंच असतं, चार वर्षं उशिरा.

---

रॅम्पवरून

मी बरीच वर्षं ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे विमान जमिनीवर असतानाच्या कामांत, काढली. वरच्या दोघांनी खर्चाचं अंतर म्हटलं, ते प्रत्यक्षात कुठून निघतं ते सांगतो, कारण बाहेरून ते दिसत नाही.

विमान स्टँडवर लागलं, चाकांना चॉक लावले, की घड्याळ सुरू. उतरून परत निघायचं नियोजन २५ मिनिटांचं. एरोब्रिज घेत नाहीत, कारण त्याचं भाडं असतं आणि त्यातून एकाच दाराने उतरावं लागतं. पुढे आणि मागे शिड्या लावल्या की दोन्हीकडून लोक उतरतात. शेवटचा प्रवासी उतरायच्या आत केबिन क्रू मागून कचरा उचलत पुढे येत असतो. सफाईवाले वेगळे नसतात, सीटच्या पाठीला खिसा नसतो, म्हणजे त्यात काही कोंबलेलंही नसतं. खाली एक टोळी बॅगा काढते आणि तीच लगेच पुढच्या बॅगा भरते. माल घेतच नाहीत, कारण कार्गोची कागदपत्रं आणि वजनाची जुळवाजुळव यात दहा मिनिटं सहज जातात. पुढच्या फेरीचे प्रवासी तोवर गेटमधून सुटून जिन्यात किंवा विमानं उभी राहतात त्या एप्रनच्या कडेला उभे असतात.

आता यात काय बिघडू शकतं ते ऐका. बॅग चढली, पण प्रवासी गेटवर आलाच नाही. तेवढ्यासाठी होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या जागेत, माणूस घालून, पोटावर सरपटत, ती एक बॅग शोधून बाहेर काढावी लागते. नियमच आहे तसा, आणि तो योग्यच आहे. गेली बारा मिनिटं. किंवा केबिनमधले रॅक भरले आणि शेवटच्या तीस जणांच्या बॅगा दारातून खाली पाठवायच्या. प्रत्येक बॅगेला टॅग, प्रत्येक प्रवाशाशी वाद. गेटवर तो बॅग मापायचा सांगाडा ठेवतात ना, त्यामागे पैसे आहेतच, पण ही मिनिटंही आहेत.

सकाळच्या पहिल्या फेरीत वीस मिनिटं गेली तर ती दिवसभर भरून निघत नाहीत, कारण वेळापत्रकात सैल जागाच सोडलेली नसते. संध्याकाळी क्रूची कायदेशीर ड्यूटी संपते आणि शेवटची फेरी रद्द होते. तिथे राखीव क्रू नसेल, राखीव विमान नसेल, तर पूर्ण दिवसाची कमाई एका हॉटेलच्या बिलात जाते.

साउथवेस्टने १९७२ मध्ये चारपैकी एक विमान विकावं लागलं तेव्हा उरलेल्या तीन विमानांत चारांचं वेळापत्रक चालवलं, दहा मिनिटांत विमान परत उडवून. सगळी स्वस्त विमानसेवा त्या दहा मिनिटांतून निघाली आहे असं मी मानतो. आज सुरक्षेचे नियम, विमानतळांवरची गर्दी, हवाई वाहतूक नियंत्रणाने (एटीसी) ठरवून दिलेल्या वेळा यामुळे दहा मिनिटं शक्यच नाहीत. पण २५ आणि ४५ मधला फरक म्हणजे दिवसाला एक जादा फेरी. ज्या कंपनीचं विमान दिवसाला बारा तास हवेत होतं आणि आता नऊ-दहा तास असतं, तिच्या व्यवस्थापनाने कितीही घोषणा केल्या तरी तिचा सीटमागचा खर्च वाढलेलाच असतो. विमानाचं भाडं उडलं तरी तेवढंच, उभं राहिलं तरी तेवढंच.

---

सांजवेळ

रॅम्पवरून, तुमचा प्रतिसाद वाचून बॅगेच्या सांगाड्यामागचं कारण कळलं. तरीही मला प्रवाशाची बाजू मांडायची आहे, कारण आतापर्यंत सगळं कंपनीच्या बाजूने चाललं आहे.

माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे. तिच्या पर्सपेक्षा थोडी मोठी बॅग गेटवर त्या सांगाड्यात बसली नाही, चाकं दोन बोटं बाहेर राहिली. जागच्या जागी जी रक्कम मागितली ती तिच्या तिकिटापेक्षा जास्त होती. ती गोंधळून गेली, मागे रांग, लोक बघतायत. कंपनीचं नाव घेत नाही. पण त्या दिवशी तिचा जो अपमान झाला तो पैशांपेक्षा जास्त लागला. ती आता त्या कंपनीचं नाव काढत नाही आणि मीही तिच्यासाठी तिथे तिकीट काढत नाही.

हा एकट्या माझ्या अनुभवाचा प्रश्न नाही. अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालात असं आहे की २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत स्पिरिट आणि तिच्यासारखीच अतिस्वस्त फ्रंटियर यांनी गेटवर बॅगा पकडणाऱ्यांना मिळून २ कोटी ६० लाख डॉलर बक्षिसी दिली. रायनएअरने तर नोव्हेंबर २०२५ पासून बॅगेमागचा बोनस दीड युरोवरून अडीच युरो केला, आणि ते उघडपणे सांगितलं. म्हणजे गेटवरच्या माणसाला माझी चूक पकडण्यात फायदा आहे. अशा नात्यात विश्वास कसा राहणार?

स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच कंपन्यांना मिळून १७ कोटी ९० लाख युरो दंड ठोठावला, त्यात हँडबॅगेचे पैसे घेणं हा मुख्य आक्षेप होता. कंपन्या कोर्टात गेल्या, ते चालेल. पण २०१४ मध्येच युरोपीय न्यायालयाने म्हटलं होतं की वजन-आकाराच्या वाजवी मर्यादेतलं हातातलं सामान हा प्रवासाचाच आवश्यक भाग आहे.

माझं म्हणणं, बाजार बदलला तो इथेही बदलला. लोक आता शेवटचा आकडा बघून तिकीट घेतात. पहिल्या पानावरचं भाडं आणि पैसे भरतानाचं भाडं यांतली दरी एकदा कळली की माणूस पुढच्या वेळी आधीच दुसरीकडे जातो. अतिस्वस्त कंपन्यांनी स्वतःचा गिऱ्हाईक स्वतः घालवला.

---

खिडकीची_सीट (धागाकर्ता)

सांजवेळ, तुमच्या आईंच्या बाबतीत झालं ते वाईट झालं. गेटवरच्या माणसाला बॅगेमागे बोनस देणं मलाही गैर वाटतं, नियम कडक ठेवा, पण पकडणाऱ्याचा खिसा त्यात अडकवू नका.

फीच्या मूळ कल्पनेची बाजू मात्र घेईन. रायनएअरच्या मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षाच्या १,३९५ कोटी युरो उत्पन्नातले ४७२ कोटी तिकिटाबाहेरचे होते, म्हणजे तिसरा हिस्सा. तो काढून टाकला तर ते पैसे भाड्यात येणार. मग पाठीवर एक सॅक घेऊन जाणारा विद्यार्थी दोन सुटकेसवाल्या कुटुंबाचा खर्च वाटून घेणार. आधी तसंच होतं.

अडचण वेगळीच झाली. स्पिरिटने २०१० मध्ये केबिन बॅगेला पैसे लावले तेव्हा गहजब झाला, पण आज जवळजवळ सगळेच काही ना काही लावतात. 'आमच्याकडे बॅगा फुकट' हीच ज्यांची ओळख होती त्या साउथवेस्टनेही २८ मे २०२५ पासून पैसे घ्यायला सुरुवात केली. फी हे एकेकाळी यांचं खास हत्यार होतं. आता ते सगळ्यांच्या हातात आहे.

---

टर्बाइन

जमाखर्च यांनी इंजिनांना 'तात्कालिक' म्हणून बाजूला सारलं, तिथे माझा विरोध आहे.

जुलै २०२३ मध्ये विमानाची इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या पालक कंपनीने, आरटीएक्सने, जाहीर केलं की एअरबस ए३२०निओच्या जीटीएफ इंजिनांतल्या काही चकत्या ज्या धातूच्या पावडरपासून बनतात तिच्यात अशुद्धी होती. या चकत्या इंजिनाच्या सगळ्यात तापलेल्या, सगळ्यात वेगाने फिरणाऱ्या भागात असतात, त्यांना भेग जाऊन चालतच नाही. म्हणून शेकडो इंजिनं वेळेआधी उतरवून तपासायची ठरली. वर्कशॉपची रांग इतकी वाढली की एकेक विमान अनेक महिने इंजिनाशिवाय उभं राहिलं.

हा घाव कुणावर बसला बघा. ए३२०निओ स्वस्त कंपन्यांनीच घाऊक घेतलेलं विमान. इंधन कमी पितं, म्हणून हिशेबाला उत्तम. विझ एअरची एका टप्प्यावर चाळीसहून जास्त विमानं जमिनीवर होती. स्पिरिटचीही बरीच होती. भारतातल्या गो फर्स्टने मे २०२३ मध्ये दिवाळखोरी मागताना जवळपास निम्मा ताफा याच इंजिनांमुळे उभा असल्याचं सांगितलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये ती मोडीत काढायचा आदेश झाला. (गो फर्स्टची इंजिनांची तक्रार पावडरच्या आधीपासूनची होती, हेही नोंदवतो.)

एकाच प्रकारचं विमान ठेवायचं हा या धंद्याचा पहिला धडा. वैमानिकांचं प्रशिक्षण एक, सुटे भाग एक, कुणालाही कुठल्याही विमानावर पाठवता येतं. पण त्याच शिस्तीमुळे एका भागात दोष निघाला की पूर्ण ताफा एकदम लंगडा होतो. मोठ्या कंपनीकडे पाच प्रकारची विमानं असतात, ती खर्चिक असतात, पण अशा वेळी तीच तिला सांभाळतात. हा धोका तात्कालिक नाही, तो मॉडेलच्या पोटात आहे. रायनएअर यातून वाचली कारण तिच्या बोइंग ७३७ ना दुसऱ्या कंपनीची इंजिनं आहेत. तिला बोइंगच्या उशिराने छळलं, पण उशिरा येणाऱ्या विमानाचा हप्ता भरावा लागत नाही, उभ्या विमानाचं भाडं भरावं लागतं.

---

जमाखर्च

टर्बाइन, हे मान्य. 'तात्कालिक' हा शब्द मागे घेतो.

तुमच्या शेवटच्या वाक्यावरून मालकीचा मुद्दा निघतो, आणि मला वाटतं रायनएअर व बाकीच्यांतला खरा फरक तिथेच आहे. ११ सप्टेंबर २००१ नंतर कुणी विमानं घेत नव्हतं, तेव्हा, जानेवारी २००२ मध्ये, रायनएअरने १०० बोइंग ७३७-८०० ची ऑर्डर दिली. पडत्या भावात. आज तिच्या ७३७ पैकी बहुतेक स्वतःच्या मालकीच्या आणि कर्जमुक्त आहेत. हिवाळ्यात मागणी कमी झाली तर ती काही विमानं सरळ उभी करते. पोटात गोळा येत नाही.

इतर अनेकांनी 'सेल अँड लीजबॅक' धरलं. कारखान्याकडून शेकड्याने विमानं घ्यायची, म्हणजे घसघशीत सूट मिळते. विमान हातात आलं की त्याच दिवशी विमानं भाड्याने देणाऱ्या लीजिंग कंपनीला आपल्या सवलतीच्या खरेदीभावापेक्षा जास्त भावाने विकायचं आणि तेच विमान आठ-बारा वर्षं भाड्याने घ्यायचं. विक्रीतला फायदा लगेच ताळेबंदात दिसतो, रोकड मिळते. भाडं मात्र वर्षानुवर्षं मागे लागतं. नवी विमानं येत राहिली की हे चक्र फिरतं. मागणी थंडावली, तरी विमानं घेणं थांबवता येत नाही, कारण रोकड त्यातूनच येते. मग नको असलेल्या मार्गांवर नको असलेली विमानं उडवायची आणि भाडी पाडायची. अमेरिकेतल्या स्वस्त कंपन्यांनी ऑर्लँडो आणि लास व्हेगसवर जी गर्दी केली, तिच्यामागे हेही एक कारण आहे असं माझं मत.

---

नकाशा

सगळे खर्चावर बोलतायत, कुणी मार्गांवर बोलत नाही म्हणून लिहिते.

अलीजंट ही अमेरिकेतलीच कंपनी. लहान शहरातून थेट सुट्टीच्या ठिकाणी, आठवड्यातून दोन किंवा तीनच फेऱ्या, आणि बहुतेक मार्गांवर दुसरं कुणीच नाही. मंगळवारी कुणी जात नाही, तर मंगळवारी विमान उडवायचं नाही. पूर्वी ती जुनी, स्वस्तात घेतलेली विमानं वापरायची, म्हणून विमान उभं राहिलं तरी फारसं बिघडत नसे. रॅम्पवरून यांनी सांगितलेल्या नियमाच्या हे बरोबर उलट आहे: विमान कमी उडवायचं, पण भरलेलंच उडवायचं. तरी ते चाललं, कारण ती कुणाच्या वाटेत गेली नाही.

युरोपात १९९३ पासून बाजार खुला होत गेला आणि १९९७ पासून कोणत्याही सदस्य देशाची कंपनी दुसऱ्या देशाच्या आतही उडू लागली. तिथे राजधानीपासून लांबचे, ओस पडलेले विमानतळ भरपूर होते. ब्रसेल्ससाठी शार्लर्वा, पॅरिससाठी बोव्हे, फ्रँकफर्टसाठी हान. त्यांना प्रवासी हवे होते, रायनएअरला कमी फी हवी होती. शार्लर्वाच्या सवलतींवर युरोपीय आयोगाने २००४ मध्ये आक्षेप घेतला, २००८ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. विझ २००४ मध्ये पोलंडमधल्या कातोवित्सेहून उडाली, त्याच महिन्यात पोलंड आणि हंगेरी युरोपीय संघात आले. कामासाठी पश्चिमेला जाणारे लाखो लोक बसमधून दोन दिवस प्रवास करत होते, त्यांना विमान मिळालं. हा प्रवासी बड्या कंपनीकडून हिसकावलेला नव्हता. तो आधी विमानात बसतच नव्हता.

अमेरिकेत उरलेले चांगले मार्ग बड्यांच्या तळांवरूनच जातात. तिथे शिरलात की बेसिक इकॉनॉमी अंगावर येणार.

आणि लांब पल्ल्यावर हे मॉडेल चालत नाही, हे आता तरी मान्य करावं. लेकर एअरवेजची स्कायट्रेन सेवा चालली १९७७ ते १९८२. आइसलँडची वॉव एअर मार्च २०१९ मध्ये बंद पडली. नॉर्वेजियन या कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ला सोडला. आठ तासांच्या उड्डाणात २५ मिनिटांच्या टर्नअराउंडचा, म्हणजे झटपट परत उडण्याचा, काही फायदा नाही, आणि त्या मार्गांवर नफा पुढच्या केबिनमधून येतो, जी यांच्याकडे सहसा नसते.

---

प्रश्नचिन्ह

वाचतोय, खूप नवीन कळतंय. एक प्रश्न. जेटब्लू या दुसऱ्या अमेरिकी विमान कंपनीने स्पिरिट घ्यायला ३८० कोटी डॉलर देऊ केले होते आणि जानेवारी २०२४ मध्ये कोर्टाने ते अडवलं. दहा महिन्यांत स्पिरिट दिवाळखोरीत. मग कोर्टाने प्रवाशाचं भलं केलं की वाईट?

---

खिडकीची_सीट (धागाकर्ता)

न्यायाधीश विल्यम यंग यांच्या निकालाचा गाभा असा होता की स्पिरिटवरच ज्यांचा प्रवास अवलंबून आहे अशा काटकसरी लोकांचं यात नुकसान होईल. जेटब्लू त्या विमानांतल्या सीट काढून जागा ऐसपैस करणार होती, म्हणजे सीट कमी आणि भाडं जास्त. हा तर्क मला आजही योग्य वाटतो. ज्या मार्गावर स्पिरिट होती तिथे तिच्या तिकिटावर कधीही न बसलेल्या माणसालाही स्वस्तात जाता येत होतं, कारण बाकीच्यांना तिच्याकडे बघून भाव ठेवावा लागे.

पण कोर्टासमोर कंपनीची तब्येत किती खालावली आहे हा प्रश्न हवा तेवढ्या गांभीर्याने आला नाही असं मला वाटतं. त्याआधी, २०२२ मध्ये, फ्रंटियरशी जुळवणी ठरली होती. दोन्ही अतिस्वस्त, दोघींकडे एअरबस, दोघींच्या मागे कधी ना कधी बिल फ्रँकी यांची इंडिगो पार्टनर्स ही गुंतवणूक कंपनी (भारतातली इंडिगो नव्हे). ते झालं असतं तर स्वस्त सीट स्वस्तच राहिल्या असत्या. स्पिरिटच्या भागधारकांना जेटब्लूचे रोख पैसे जास्त दिसले.

---

जमाखर्च

इथे मतभेद. फ्रंटियर आणि स्पिरिट एकत्र येऊन दोन आजारी कंपन्यांची एक मोठी आजारी कंपनी झाली असती. ऑर्लँडोत विमानं कमी करता आली असती एवढंच. बड्यांचं कार्ड आणि पुढची केबिन याला उत्तर तिच्याकडेही नव्हतं.

माझा अंदाज असा की नाव स्वस्तच राहील, आतली रचना बदलेल. स्पिरिट आणि फ्रंटियर दोघींनी २०२४ पासून पुढच्या जास्त जागेच्या सीट आणि सगळं धरून असलेलं भाडं विकण्यावर भर दिला. भारतातल्या इंडिगोने नोव्हेंबर २०२४ मध्ये बिझनेस क्लासच्या सीट बसवल्या. ती मुळात अतिस्वस्त नव्हतीच, पण २००६ पासून एकाच वर्गावर वाढलेल्या कंपनीने हे केलं, याला अर्थ आहे.

---

रॅम्पवरून

पुढच्या सीट, लाउंज, पॉइंट्स हे सगळं जोडायला गेलात की माझी २५ मिनिटं गेली. ब्लँकेट चढवायचं, गरम जेवणाची गाडी लावायची, वेगळी सफाई. खर्च मोठ्या कंपनीचा होणार आणि भाडं तिच्याएवढं कुणी देणार नाही. अर्धवट बदललेल्या कंपन्या मी आतून पाहिल्यात. बदलायचं तर पूर्ण बदला, नाहीतर रायनएअरसारखे हट्टाने जागेवर राहा.

---

सांजवेळ

प्रश्न व्यवहाराचा आहे. समजा मला अशा डळमळीत कंपनीचंच तिकीट परवडतं. काय काळजी घ्यावी?

---

नकाशा

पैसे क्रेडिट कार्डने भरा. कंपनी बुडाली तर 'सेवा मिळाली नाही' म्हणून बँकेकडून पैसे परत मागता येतात. बँक ट्रान्सफरने किंवा कंपनीच्या व्हाउचरने भरलेले पैसे बुडाल्यावर तुम्ही कंपनीकडून पैसे येणं असलेल्यांच्या रांगेत बरेच मागे असता. युरोपात नुसतं विमानाचं तिकीट काढलं तर कंपनी बुडण्यापासून संरक्षण नाही, विमान आणि हॉटेल एकत्र पॅकेज म्हणून घेतलं तर आहे. विलंबाची २५० ते ६०० युरो भरपाई कंपनी जिवंत असेल तरच.

फार आधी तिकीट काढू नका. सहा महिने आधी भरलेले पैसे म्हणजे तुम्ही त्या कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलंत. दिवसाला एकच फेरी असेल तर लग्नाला किंवा परीक्षेला आदल्या दिवशी निघू नका, त्याच्या आदल्या दिवशी निघा. दोन वेगळ्या कंपन्यांची तिकिटं जोडून प्रवास करत असाल तर पहिलं विमान चुकल्याची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही, मधे एक रात्र ठेवा.

आणि आईंसाठी तिकीट काढताना बॅगेचे पैसे आधीच, घरी बसून भरा. गेटवर तीच बॅग बहुतेक ठिकाणी कितीतरी महाग पडते. व्हीलचेअरची मदत नोंदवायला पैसे लागत नाहीत, युरोपात ४८ तास आधी सांगावं लागतं.